मडगार्डवाल्यांची बाजू

नाशिकच्या सायकलवाल्यांमध्ये काही मतं मोठ्याने बोलायची नसतात. पावसाळ्यात रोडबाइकला मडगार्ड हवं, हे त्यातलं पहिलं. त्याच्या मागोमाग रुंद टायर, ट्यूबला हवा भरायची जाड वॉल, हळू चालवणं आणि स्टँड. यातलं एखादं मत चहाच्या टेबलावर मांडून बघा. समोरचा आधी तुमच्या सायकलकडे बघतो, मग पोटाकडे. प्रस्तुत लेखक ही सगळी मतं बाळगून आहे आणि ती त्याला नाशिक-घोटी या पस्तीसेक किलोमीटरच्या रस्त्याने दिली आहेत.

रविवारची ही ठरलेली वाट. पाथर्डी फाटा सोडला की विल्होळी, वाडीवऱ्हे, गोंदे, मुंढेगाव, घोटी. चहा-वडा, फोटो, परत. पण जुलैमध्ये हीच वाट दोन हवामानांतून जाते. नाशिक शहरात वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, इगतपुरीकडे तो तीन हजारांच्या पुढे जातो. घोटीत भाताच्या गिरण्या उगाच नाहीत उभ्या राहिल्या. शहरातला कोरडा रस्ता बघून पहाटे निघालेला गडी वाडीवऱ्ह्यापुढे भिजायला लागतो आणि गोंद्यापर्यंत त्याच्या पाठीवर चिखलाचा उभा पट्टा उमटलेला असतो. तो त्याच्या पाठीचा प्रश्न. त्याच्या मागे चाक धरून चाललेल्याच्या तोंडात मात्र ट्रकचं ऑइल, बारीक खडी आणि शेण मिसळलेलं पाणी जात असतं. ब्रिटनमधले अनेक क्लब हिवाळ्यात मडगार्डशिवाय गटात येऊच देत नाहीत. आपल्याकडे त्याच प्लास्टिकच्या पट्टीने ‘सायकलचा लूक जातो’.

टायरचं तसंच. पंधरा-वीस वर्षांपूर्वी व्यावसायिक शर्यतींत २३ मिलिमीटरचा टायर दगडासारखा टणक फुगवून वापरायचे. मग ‘बायसिकल क्वार्टर्ली’च्या यान हाइने यांच्यासारख्या मंडळींनी प्रत्यक्ष रस्त्यावर चाचण्या घेतल्या. खडबडीत रस्त्यावर टणक टायर स्वाराला सतत हादरवतो आणि त्या हादऱ्यांत ताकद वाया जाते; थोडा रुंद, थोडी कमी हवा भरलेला टायर मागे पडत नाही, असं त्यांना दिसलं. आज टूर द फ्रान्समध्येही २८ मिलिमीटरचे टायर सर्रास दिसतात. महामार्गाच्या कडेच्या पट्ट्यावर वाळू, फुटक्या काचा आणि ट्रकच्या फाटलेल्या टायरमधल्या पोलादी तारा पसरलेल्या असताना नाशिकच्या गटात ‘पस्तीसचा टायर? मग ट्रॅक्टरच घ्या ना!’ हा विनोद मात्र अजून चालतो.

या तारांचं एक बघण्यासारखं आहे. केसाएवढी तार टायरमध्ये घुसते, बाहेरून दिसत नाही, आणि ट्यूब बदलली तरी दहा मिनिटांत नवी ट्यूबही बसते. टायर उलटा करून आतून बोट फिरवावं लागतं, बोटाला टोचली की नेलकटरच्या चिमटीत धरून ओढायची. मुंढेगावच्या पुढे एका महागड्या कार्बन सायकलचं हेच झालं. जवळच्या दोन्ही ट्यूब गेल्या आणि हातपंपाची नळीही तुटली. चालत चालत घोटीत पंक्चरच्या दुकानात आल्यावर मुलाने कॉम्प्रेसरचा पाइप हातात घेतला, ती पेन्सिलीसारखी बारीक वॉल फिरवून फिरवून बघितली आणि विचारलं, ‘दादा, हिच्यात हवा कुठून मारायची?’ प्रश्न रास्त होता. प्रेस्टा वॉलच्या टोकाची इवलीशी चकती सैल करावी लागते, आणि तरी मोटारसायकलचा नोझल तिच्यावर बसत नाही. पितळेचं बोंडाएवढं अडॅप्टर लागतं. तेच नेमकं घरी होतं. लेखकाच्या सायकलला मोटारसायकलसारखी जाड वॉल आहे. तिच्यात त्या मुलाने अर्ध्या मिनिटात हवा भरून दिली, पंक्चर नसताना, फुकट. जाड वॉलच्या सायकलीला शर्यतीची सायकल म्हणून कुणी मोजणार नाही. पण रस्त्यावरचं प्रत्येक दुकान त्या वॉलला ओळखतं.

वजनाचं गणित तर कागदावरच सुटतं. घोटीच्या पलीकडे, कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढताना साधारण तीनशे मीटर उंची गाठायची असते. सत्तर किलोचा माणूस आणि दहा किलोची सायकल धरा. लाखभर रुपये जास्त मोजून दोन किलो वाचवले, तर ओढायचं वजन अडीच टक्क्यांनी घटलं. पाऊण तासाच्या चढात हा फायदा जेमतेम एका मिनिटाचा. वरती पोचून सगळे एकमेकांसाठी दहा मिनिटं थांबणारच असतात.

वेगाबद्दल बोलावं तर वाद पेटतो. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे घोटीकडे जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर. स्ट्राव्हा ॲपवर मिरवलेले बहुतेक विक्रम परतीच्या वाटेवरचे असतात. त्यातला निम्मा पुरस्कार वाऱ्याला द्यायला हरकत नाही. आणि ज्या नावांचा अभिमान नाशिक बाळगतं, त्यांचं यश ताशी पस्तीसच्या धडाक्याचं नाहीच. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघात ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. २०१७ मध्ये नाशिकमध्येच तयारी केलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली. सुमारे ४,८०० किलोमीटर, एकट्यासाठी मुदत बारा दिवसांची. भागाकार केला तर झोपेसकट ताशी सतराच्या आसपासचा वेग पुरतो, पण तो दिवसरात्र पुरवावा लागतो. आपल्याकडच्या दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे मुदतीत पुरी करायच्या लांब फेरीला, साडेतेरा तास मिळतात, म्हणजे ताशी पंधरा. संशोधक स्टीफन सायलर यांनी अव्वल खेळाडूंच्या सरावनोंदी तपासल्या, तेव्हा सुमारे ऐंशी टक्के सत्रं हलक्या जोराची निघाली. हलका जोर म्हणजे शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढा. विल्होळीपासून घोटीपर्यंत गप्पा मारत जाणारी निवृत्त मंडळी हे शास्त्र न वाचता पाळतात. धापा टाकत त्यांना मागे टाकणारे तरुण त्यांना ‘टाइमपास ग्रुप’ म्हणतात.

अलीकडे मडगार्डवाल्यांची संख्या वाढली आहे. काहींनी चोरून, सुटसुटीत काढता येणारी घेतली आहेत. स्टँडला मात्र अजून कुणी माफ केलेलं नाही. घोटीच्या हॉटेलसमोर सायकली एकमेकींच्या आधाराने उभ्या केल्या जातात. एकीला धक्का लागला की सगळी रांग आडवी होते आणि खालच्या सायकलचा, मागचा गिअर धरून ठेवणारा डिरेलर हँगर वाकतो. हा अंगठ्याएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा बहुतेक मॉडेलांचा वेगळा. घोटीत मिळायचा प्रश्नच नाही, नाशिकमध्येही बहुधा मागवावाच लागतो. तोवर गिअर खडखडत राहतात, चेन उतरते, आणि मालक परतीचे पस्तीस किलोमीटर एकाच गिअरवर काढतो. दोन-चारशे ग्रॅमचा स्टँड लावून घ्या, असं लेखक तिथे दरवेळी सुचवतो. दरवेळी वडे येतात आणि विषय बदलतो.