लोफोटेनचं हिरवं पाणी

नॉर्वेतल्या बोडो गावाहून मोठ्या बोटीत बसलं, की तीन-सव्वातीन तासांनी लोफोटेन बेटांवर मॉस्केनेसला उतरता येतं. समुद्रातून सरळ वर उठलेले काळे डोंगर, एप्रिलअखेरही त्यांच्या माथ्यावर बर्फ आणि पायथ्याशी कोळ्यांची लाल लाकडी घरं. उत्तर ध्रुववृत्ताच्याही वरचा हा मुलूख. डिसेंबरात जवळजवळ महिनाभर इथं सूर्य उगवतच नाही. ह्यांना बोट लागली, त्यामुळे हा सगळा देखावा मी एकटीनंच डोळे भरून पाहिला.

उतरल्यावर आपण कुठं आलो ते आधी नाकाला कळतं! घरांच्या दारापर्यंत लाकडी मांडव उभारलेले आणि त्यांवर कॉड मासे जोडीजोडीनं शेपटीला बांधून टांगलेले. वसई-अर्नाळ्याकडे बोंबील वाळत घातलेले ज्यांनी पाहिलेत, त्यांना याचं फारसं नवल वाटणार नाही. मात्र आपल्याकडे ते काम उन्हाचं, इथं थंड वाऱ्याचं. फेब्रुवारीपासून मेपर्यंत हवा शून्याच्या आसपास राहते. मासा सडत नाही, माश्या बसत नाहीत, आणि तो वाळून अगदी लाकडासारखा होतो. चांगला माल इटलीला जातो, मुंडकी नायजेरियाला. हिवाळ्यात शाळकरी मुलं कॉडच्या जिभा कापून विकतात आणि चांगले पैसे मिळवतात. आपण मात्र दहा वर्षांच्या मुलाला कांदा चिरायला सुरी देताना दहादा विचार करतो.

पण मला सांगायचं आहे ते पाण्याबद्दल. चित्राच्या कार्डांवर इथला समुद्र निळाशार, नितळ असतो. एप्रिलअखेर तो हिरवट आणि गढूळ होता. आमच्या घरमालकीणबाईंना त्या रंगाचं कोण कौतुक! तो दिसला, की त्यांचा वसंत सुरू झाला.

त्याचं असं आहे. उन्हाळ्यात वरच्या पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती तिथलं नायट्रेट, फॉस्फेट असं सारं खत खाऊन संपवतात. काही मरतात, काही जीवजंतूंच्या पोटात जातात. त्यातलं बरंचसं वरच्या वरच कुजून पुन्हा खत म्हणून वापरलं जातं, पण थोडंथोडं खाली बसत जातं आणि वरचं पाणी निःसत्त्व होतं. हिवाळ्यात वरचा थर गारठून जड होतो, खाली जातो. वादळं घुसळण करतात. वरणाच्या पातेल्यात तळाशी बसलेली डाळ पळीनं ढवळून वर आणावी, तसं खत वर येतं. पण तेव्हा ऊन नसतं. वसंतात ऊन येतं, ढवळणं थांबतं, आणि काचेसारखं कवच असलेल्या डायॅटम नावाच्या वनस्पती काही दिवसांत समुद्रभर माजतात. ढवळणं थांबलं नाही, तर त्या अंधारात ओढल्या जातात नि वाढत नाहीत. हे गणित हाराल्ड स्वेरड्रूप या नॉर्वेच्या शास्त्रज्ञानं १९५३ साली मांडलं.

या वनस्पती पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड शोषतात, आणि पाणी तो पुन्हा हवेतून घेतं. थंड पाण्यात वायू जास्त मावतो. गार सोड्याची बाटली आणि उन्हात तापलेली बाटली उघडून बघा, म्हणजे पटेल. आपल्या चुली, मोटारी, कारखाने मिळून जो कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्यातला सुमारे पाव हिस्सा जगातले समुद्र पोटात घेतात. फुकट मात्र नाही; त्यानं पाणी हळूहळू आम्लाकडे झुकतं.

पुढची गंमत तांदळाच्या कणीएवढ्या एका किड्याची. कॅलॅनस त्याचं नाव. डायॅटम खाऊन तो अंगात चरबी साठवतो आणि थंडीआधी पाचशे-हजार मीटर खाली उतरून तिथं ती चरबी पुरवून पुरवून जगतो. तुपाचा डबा घेऊन तळघरात जाऊन बसावं तसं! तो कार्बनही त्याच्याबरोबर खाली जातो आणि बराच काळ तिथंच राहतो.

मांडवावरच्या कॉडचं नशीब याच किड्याशी बांधलेलं आहे. कॉडची एक मादी लाखो अंडी घालते. पिल्लांची शिदोरी काही दिवसांची. ती संपेपर्यंत कॅलॅनसची बाळं तोंडाशी हवीत. बहर लवकर किंवा उशिरा आला, तर पंगत उठल्यावर पाहुणे यावेत तशी गत. योहान योर्ट यांनी १९१४ साली हे सांगितलं. १९०४ साली जन्मलेल्या हेरिंग माशांची एकच पिढी पुढे कितीतरी वर्षं जाळ्यात येत राहिली, ते त्यांनी पाहिलं होतं. आता समुद्र तापतो आहे, तेव्हा वेळापत्रकाची धास्ती वाढलीय. कॉडच्या अलीकडच्या पिढ्या कमजोर निघाल्या, आणि २०२५ साली ठरलेला पकडीचा कोटा १९९१नंतरचा सर्वांत कमी होता. गावात तो आकडा पोरासोरांनाही पाठ.

याच समुद्राच्या तळाखाली तेल आहे असं मानतात. तेल म्हणजे तरी काय, कोट्यवधी वर्षांपूर्वी असंच खाली बसलेलं हिरवं पाणी. ते काढावं की नाही, यावर तिथं वर्षानुवर्षं वाद आहे. २०१९ साली तिथल्या मजूर पक्षानंही पाठिंबा काढून घेतला आणि आजवर लोफोटेनजवळून तेल काढलेलं नाही. आमच्या घरमालकीणबाईंचा भाऊ मासेमारीच्या होडीवर आणि मुलगा तेलाच्या कंपनीत. जेवणाच्या टेबलाशी हा विषय काढायचा नाही, असा त्यांच्या घरचा नियम आहे.