सुकाणूवरची जागा

कॅम नदी इतकी अरुंद की शेजारी-शेजारी शर्यत जमतच नाही. म्हणून केंब्रिजच्या ‘बम्प्स’ शर्यतीत होड्या एकामागे एक सुटतात, मध्ये दीड होडीचं अंतर, आणि पुढचीला गाठायचं. आठही वल्हेकरी पाठमोरे. पुढचं वळण दिसतं ते फक्त सुकाणूवरच्या कॉक्सला. ती जागा मी मागून घेतली.

वर्गात इंग्रजी बोलताना मी अजून अडखळते. पण होडीत लांब वाक्याला वेळच नसतो. एकच शब्द, नेमक्या क्षणी, टोकाच्या वल्हेकऱ्यालाही कळेल असा. आठ जण माझ्या शब्दावर वल्हं मारतात, हा विश्वास मला कुठल्याही गुणपत्रिकेहून मोठा वाटतो. हल्ली सुपरव्हिजनमध्येही, म्हणजे शिक्षकांसोबतच्या छोट्या तासातही, मी मुद्दा आधी मांडते, कारणं नंतर. जूनच्या बम्प्समध्ये कॅमवरचं ग्रासी कॉर्नरचं वळण मला घ्यायचंय.