न्यूमार्केटची सकाळ

आमच्या घरात 'रेस' हा शब्द मोठ्याने उच्चारला जात नसे. माझ्या थोरल्या मामांचे पुण्यात रविवार पेठेत कापडाचे दुकान होते. पावसाळी हंगामात ते लष्कर भागातील रेसकोर्सवर जाऊ लागले आणि चार वर्षांत दुकानावर दुसऱ्याची पाटी लागली. त्यानंतर घोड्याचे चित्र असलेले कॅलेंडरसुद्धा आईने भिंतीवर लावू दिले नाही. पुढे बँकेच्या नोकरीत माझी बदली पुणे लष्करात झाली. पाच वर्षे मी रोज त्या मैदानाच्या कुंपणावरून गेलो. आत मात्र एकदाही पाऊल टाकले नाही. म्हणून गेल्या सप्टेंबरात, मुलीकडे केंब्रिजला असताना, "उद्या घोडे पाहायला जाणार आहे," असे धाकट्या बहिणीला फोनवर सांगताना जीभ जराशी अडखळलीच.

केंब्रिजपासून न्यूमार्केट वीस-एकवीस किलोमीटरवर आहे. वस्ती सुमारे वीस हजारांची आणि शर्यतीचे घोडे तीन हजारांच्या आसपास. दुसऱ्या चार्ल्स राजाला या माळाचे वेड होते; तेव्हापासून साडेतीनशे वर्षे या गावाचा एकच धंदा आहे. पहाटेच्या धुक्यात जावयाने गाडी थांबवली, कारण समोरून वीस-बावीस घोड्यांची रांग रस्ता ओलांडीत होती. सिग्नलच्या खांबावर दोन बटणे होती: एक माणसाच्या हाताशी, दुसरे घोड्यावर बसलेल्याच्या हाताशी. गाड्यांची रांग वाढत होती, पण कोणी भोंगा वाजवीना. ज्या जनावरावर गावाचे पोट चालते, त्याला वाट देण्याची रीत तेथे मुरलेली आहे.

वॉरन हिल नावाची एक टेकडी आहे. टेकडी म्हणजे आपल्या पर्वतीसारखी उभी नव्हे. लांबच लांब, अंगावर न येणारा चढ. घोडे पायथ्याशी गोल गोल फिरतात, मग दोघे-दोघे जोडीने चढावर दुडक्या चालीने धावत येतात, वरून चालत खाली उतरतात आणि पुन्हा चढतात. नाकांतून वाफ निघत असते. टापांचा आवाज मात्र फारसा येत नाही, कारण चढावरील वाट कृत्रिम, मऊ मातीसारखी केलेली आहे. शेजारचा माळ गवताचा आहे. त्या गवतावरची धावण्याची पट्टी रोज सरकवतात. आज वापरलेली जागा दीर्घकाळ विश्रांती घेते. सुमारे अडीच हजार एकरांचा हा सराव-माळ दुपारी एकनंतर घोड्यांसाठी बंद होतो आणि गावकऱ्यांना फिरायला मोकळा होतो.

कठड्याशी एक वृद्ध गृहस्थ उभे होते. चाळीस वर्षे त्यांनी मोतद्दार म्हणून काढली होती. मी सहज विचारले, "हे घोडे भरधाव का सोडत नाहीत? वेळ कोण मोजतो?" ते हसले. आठवड्यातून दोनदाच वेगाची तालीम होते आणि वेळ कोणी जाहीर करीत नाही, असे त्यांनी सांगितले. ट्रेनर नजरेने पाहतो, स्वाराला विचारतो, शेजारच्या जुन्या घोड्याशी तुलना करतो. त्यांनी काही वर्षे अमेरिकेत केंटकीलाही नोकरी केली होती. त्यामुळे पुढचा तासभर मला एक उत्तम शिक्षक लाभला.

अमेरिकेत बहुतेक घोडे शर्यतीच्या मैदानालगतच्या पागांतच राहतात. त्याच सपाट, लंबवर्तुळाकार, मातीच्या वाटेवर, नेहमी डावीकडे वळत त्यांची तालीम होते. तेथे तालमीचा आत्मा म्हणजे घड्याळ. मैदानावर वेळ टिपणारे नेमलेले कर्मचारी असतात. कोणत्या तारखेला कोणता घोडा किती अंतर किती सेकंदांत धावला, हे टिपून छापले जाते. त्या दिवशी त्या अंतरात जो सर्वांत वेगवान, त्याच्या नावापुढे ठळक टिंब येते. अशा नोंदी झाल्याखेरीज नव्या घोड्याला शर्यतीत उतरता येत नाही. बँकेत आयुष्य काढलेल्या मला ही पद्धत तत्काळ पटली: खातेदाराचे पासबुकच ते! इंग्लंडची रीत जुन्या पेढीसारखी. खतावणी मालकाच्या डोक्यात.

पण हा फरक केवळ स्वभावाचा नाही. तो जमिनीचा आहे. अमेरिकेतील मैदाने एकमेकांसारखी, तर इंग्लंडमध्ये एकासारखे दुसरे नाही. 1780 पासून डर्बी जेथे धावते त्या एप्सममध्ये चढ चढून मग वळत उतरायचे असते. अ‍ॅस्कॉटला उजवीकडे वळायचे. न्यूमार्केटच्या रोली माइलवर तर वळणच नाही. अशा ठिकाणी सेकंदांचा हिशेब दुय्यम, तोल आणि दम मुख्य. तो गवतावर आणि चढावरच येतो. अमेरिकेत पहिल्या क्षणापासून वेग लागतो, म्हणून तालीमही आखूड आणि तीव्र. फुप्फुसांतील रक्तस्राव रोखण्यासाठी शर्यतीच्या दिवशी इंजेक्शन देण्याचा प्रघातही तेथे अनेक वर्षे सर्रास होता. आता दोन वर्षांच्या घोड्यांना आणि मोठ्या शर्यतींत तो बंद केला आहे. इंग्लंडमध्ये शर्यतीच्या दिवशी असे औषध चालत नाही. येथे मात्र मोतद्दारबुवांचा आवाज थोडा चढला.

चढाची महती सर्वांत काटेकोरपणे ओळखली ती जपान्यांनी. तेथील मुख्य शर्यतींचे घोडे दोन प्रचंड केंद्रांत तयार होतात: पश्चिमेला रित्तो, पूर्वेला मिहो. रित्तोला 1985 मध्ये चढाची वाट बांधली गेली आणि पुढील काही वर्षांत पश्चिमेचे घोडे पूर्वेला भारी पडू लागले. मिहोला तशी वाट 1993 मध्ये मिळाली, तीही कमी उंचीची. 2023 मध्ये ती पुन्हा उंच केली. म्हणजे इंग्लंडचा चढ घेतला आणि अमेरिकेचे घड्याळही घेतले, कारण रित्तोच्या चढावर वेळ यंत्राने नोंदतात. घोड्यांसाठी पोहण्याचे तलाव आहेत ते वेगळेच. ऑस्ट्रेलियात पोहणे समुद्रातही चालते. तेथे पहाट होण्यापूर्वी दिव्यांच्या उजेडात तालीम सुरू होते आणि मोहीम संपली की घोड्याला काही आठवडे कुरणात मोकळे सोडतात.

फ्रान्समधील शांतिईला अरण्यातील वाळूच्या वाटा आहेत. तेथील अठराव्या शतकातील भव्य अश्वशाला ज्या सरदाराने बांधली, त्याची म्हणे अशी श्रद्धा होती की पुढील जन्मी आपण घोडा होणार. आपल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. नवल एवढेच की त्याने राहण्याची सोय आधीच करून ठेवली.

आपल्याकडील रीत दोन्हींमधली आहे. मुंबईचा हंगाम हिवाळ्यात, पुण्याचा पावसाळ्यात. घोडे वाहनांतून घाट चढतात-उतरतात आणि मैदानावरच राहतात. सकाळच्या रपेटीच्या वेळा वृत्तपत्रांत छापून येतात. मामा त्या वेळा निळ्या पेन्सिलीने खुणा करून वाचीत, हे मला त्या कठड्याशी उभे असताना अचानक आठवले.

मग जो प्रश्न माझ्या मनात सकाळपासून होता तो विचारला. "धावणे संपल्यावर यांचे काय?" वृद्ध गृहस्थ काही काळ गप्प राहिले. निवडक घोडे-घोड्या पैदाशीला जातात. पुष्कळांना साध्या स्वारीसाठी नव्याने शिकवतात. त्यासाठी इंग्लंडमध्ये 2000 पासून एक धर्मादाय संस्थाही आहे. "आणि बाकीचे?" त्यांनी फर्डिनांडचे नाव घेतले. 1986 ची केंटकी डर्बी जिंकलेला हा घोडा पैदाशीसाठी जपानला विकला गेला, आणि 2002 मध्ये तो कत्तलखान्यात गेला असे पुढे उघडकीस आले. त्यानंतर अमेरिकेतील काही मालक विक्रीच्या करारात परत विकत घेण्याचे कलम घालू लागले. ज्याच्या प्रत्येक सेकंदाची नोंद छापली होती, त्याच्या शेवटाची नोंद कोणी ठेवली नव्हती. पांजरपोळीला वर्गणी देणाऱ्या घरातून आलेल्या मला त्यावर काही बोलता आले नाही.

दुपारी गावातील लिलावघर बाहेरून पाहिले. तेथे अद्याप गिनीत बोली लागते. गिनीचे नाणे दोनशे वर्षांपूर्वीच बंद झाले. हिशेबात ती एक पौंड पाच पेन्स धरतात. परंपरेने पौंड विकणाऱ्याचा आणि वरचे पाच टक्के लिलाववाल्याचे. दलाली चलनातच बसवण्याची ही युक्ती पाहून आपल्या बाजारपेठेतील मंडळीही मान डोलावतील.

चार्ल्स राजाच्या वाड्यात आता संग्रहालय आहे. त्याच्या अंगणात निवृत्त शर्यतीचे घोडे ठेवलेले असतात आणि लोकांना जवळ जाता येते. एका तांबूस घोड्याने नातवाच्या तळहाताचा वास घेतला. नातू म्हणाला, "आजोबा, हात लावा ना." मी आयुष्यात प्रथमच घोड्याच्या मानेला हात लावला. ती अपेक्षेपेक्षा खूप ऊन होती.

रात्री बहिणीचा फोन आला. "पैसे नाही ना लावलेस, दादा?" तिने पहिलाच प्रश्न केला. नाही म्हटले आणि त्या घोड्याचे छायाचित्र पाठवले. बराच वेळ उत्तर आले नाही. मग एक ओळ आली: "डोळे फार गरीब आहेत रे याचे."