पहारेकऱ्याचे भिंग

दुकानांच्या दारांवर टांगलेले टेहळणीचे कॅमेरे आपण रोज पाहता. त्यांतील भिंगाकडे मात्र आपले लक्ष क्वचितच गेले असेल. भिंगारच्या पेठेत जुने कॅमेरे उतरवून नवे बसवले, की ही भिंगे भंगारात जातात. गावाच्या नावात भिंगही आहे आणि भंगाराचा भासही. या योगायोगाची मला गंमत वाटते. असेच २५ मिलिमीटरचे एक भिंग मी किलोच्या भावाने घेतले.

त्याचे कूळ जुने आहे. १९२३ साली १६ मिलिमीटरची फिल्म आली आणि तिच्यासाठी हातात मावणारे सिनेकॅमेरे निघाले. त्यांच्या भिंगांना एक इंच व्यासाचे, इंचात ३२ आटे असत. या जोडणीला ‘सी-माउंट’ म्हणतात. पुढे टेहळणीच्या कॅमेऱ्यांनीही तीच उचलली. भिंग जेथे टेकते तेथून फिल्मपर्यंतचे अंतर १७.५२६ मिलिमीटर. आता पाहा, आरसा असलेल्या कॅननच्या कॅमेऱ्यात हेच अंतर ४४ मिलिमीटर असते. तेथे हे भिंग नाकासमोरच्या वस्तूपलीकडे काहीच स्पष्ट दाखवू शकत नाही. २००८ नंतर आरसा नसलेले कॅमेरे आले आणि अडथळा सरला. सोनीच्या अशा कॅमेऱ्यात अंतर १८ मिलिमीटर आहे. जोडकडी आतून खोलगट केली, की भिंग सुमारे अर्धा मिलिमीटर आत बसते आणि दूरचा डोंगरही स्वच्छ दिसतो. मात्र ‘सीएस-माउंट’ची भिंगे १२.५ मिलिमीटरवर बेतलेली असतात. ती येथे उपयोगी नाहीत. घेण्यापूर्वी एवढे विचारावे.

चित्राचे कोपरे मात्र काळे येतात. १६ मिलिमीटर फिल्मची चौकट जेमतेम १०.२६ बाय ७.४९ मिलिमीटर; माझ्या कॅमेऱ्याचा संवेदक तिच्या दुपटीहून रुंद आहे. अनेकजण ते कोपरे कापून टाकतात. मी कापत नाही. भिंगाला जेवढे दिसते तेवढेच त्याने दाखवावे, असे माझे मत आहे.

भिंगार हे छावणीचे गाव. लष्करी हद्दीत कॅमेरा काढायचा नाही, हे येथे लहान मूलही जाणते. त्यामुळे माझी भटकंती पेठेपुरतीच. तेथे लष्करी गणवेश शिवणारे एक वृद्ध टेलरमास्तर आहेत. हे भिंग त्यांच्या समोरच्या दुकानावर होते. मास्तर दिवा लावून काजे करत बसत आणि भिंग वर्षानुवर्षे त्यांच्याकडे पाहत राही. पण टेहळणीचे चित्रण ठरावीक दिवसांनी स्वतःवरच पुसून लिहिले जाते. चोरी झाली नाही, म्हणून कोणी ते उघडूनही पाहिले नाही. आता मास्तरांची नजर मंदावली आहे आणि दुकान दिवाळीनंतर बंद होणार आहे. त्यांच्या कामाचे एकही छायाचित्र घरात नव्हते.

मी त्याच भिंगाने ते काढले. छिद्रांक १.४, म्हणजे छिद्र मोठे असल्याने दिव्याचा उजेड पुरला. स्पष्टता हाताने कडे फिरवून साधावी लागते. त्यांचा चेहरा की बोटे, हे मलाच ठरवावे लागले. मी बोटे निवडली. चेहरा किंचित धूसर आला आणि भोवती काळी कडा.

मास्तरांनी छापील चित्र हात लांब करून दिव्याखाली धरले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “तिसऱ्या काजाचा टाका सैल पडलाय. तो सदरा अजून इथेच आहे, आण इकडे.”