शब्दांची पाळी

आवडता शब्द कोणता, असे साहित्याच्या विद्यार्थ्याला विचारले, तर तो बहुधा एखाद्या नादमधुर शब्दाकडे वळतो; नाहीतर संतवाङ्मयातील एखादा विस्मृत शब्द काढून आपल्यापुढे ठेवतो. माझ्या मनात घर करून बसलेला शब्द मात्र फारसा मंजुळ नाही आणि दुर्मिळ तर मुळीच नाही. कुरुळीत तो दिवसातून कितीतरी वेळा कानावर पडतो, आणि इतका सहज पडतो की त्याच्याकडे लक्ष जात नाही. तो शब्द म्हणजे ‘पाळी’.

कुरुळी हे खेड तालुक्यातील गाव पुणे-नाशिक रस्त्यावर, चाकणच्या थोडे अलीकडे वसले आहे. आळंदी हाकेच्या अंतरावर. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. प्रथम पिंपरी-चिंचवड आणि भोसरीचा परिसर यंत्रांनी भरला, नंतर कारखान्यांची रांग इकडे सरकली. १९९९ मध्ये बजाजचा चाकणचा कारखाना सुरू झाला, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा. निघोजे, महाळुंगे, खराबवाडी या शेजारच्या गावांच्या शिवारातून रुंद रस्ते गेले. नांगर, कुळव, पाभर ही औते पडवीच्या कोपऱ्यात उभी राहिली, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे शब्दही.

‘पाळी’ मात्र कोपऱ्यात गेली नाही. पेरणीपूर्वी जमिनीला कुळवाच्या दोन पाळ्या द्याव्या लागत. ती एक पाळी. विहीर भाऊबंदांत सामाईक असे, आणि कोणी कोणत्या दिवशी पाणी उपसायचे हे ठरलेले असे. ती दुसरी पाळी. शेतीची वीज पुष्कळदा रात्रीच येई, म्हणून पाण्याची पाळीही रात्रीची. माझ्या वडिलांनी थंडीच्या कित्येक रात्री हातात विजेरी घेऊन वाफ्यांच्या बांधावर काढल्या आहेत. पुढे त्याच घरातली तरुण मुले कारखान्यात लागली आणि ‘रात्रपाळी आहे’ असे सांगू लागली, तेव्हा वडिलांना तो शब्द समजावून द्यावा लागला नाही. शेतातून कारखान्यात जाताना माणसाचे कपडे बदलले, चालण्याची लय बदलली, जेवणाची वेळ बदलली. शब्द तोच राहिला.

भाषेच्या अभ्यासकाला यात विचार करण्यासारखे पुष्कळ आहे. नव्या वस्तूसाठी नवा शब्द घडवावा लागतो, असे आपण गृहीत धरतो. तसे शब्द घडवण्याचे मोठे प्रयत्न आपल्याकडे झाले. शिवकालात राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ उभारली. १९६० नंतर शासनाच्या भाषा संचालनालयाने परिभाषाकोश तयार केले. या खटाटोपातून ‘महापौर’ रुळला, ‘दूरध्वनी’ पत्रिकेवर आणि पाटीवर स्थिरावला, पण ‘भ्रमणध्वनी’ला बोलण्यात जागा मिळाली नाही. परके शब्दही असेच निवडले गेले. चाकणच्या बाजारातला ‘बटाटा’ आणि कामगाराचा ‘पगार’ हे दोन्ही शब्द पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आले. कुरुळीच्या काही घरांत आता बटाट्याच्या पट्टीऐवजी पगारावर संसार चालतो; म्हणजे एका पाहुण्या शब्दाच्या घरातून दुसऱ्या पाहुण्या शब्दाच्या घरात आपण राहायला गेलो आहोत. पण ते पाहुणे आहेत हे कोणाला आठवते? शब्दाला रोजचे काम मिळाले की त्याचे कूळ कोणी विचारत नाही.

याची दुसरी बाजू अधिक कठोर आहे. काम संपले की कितीही आवडता शब्द निरुपयोगी होतो. मोटेची ‘धाव’ म्हणजे बैलांनी ज्यावरून उतरत जायचे ती उतरती वाट. माझ्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांना हा अर्थ ठाऊक असतो. धावेवर मोट चालत नाही, तेव्हा त्यांना दोष कसा द्यावा? मुंबईच्या गिरणगावातही हेच घडले. तिथल्या कामगाराचे जग नारायण सुर्वे यांच्या कवितेने मराठीत प्रतिष्ठित केले. पण जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर एकेक गिरणी थंडावत गेली, आणि ‘साचा’, ‘जॉबर’ हे शब्द हळूहळू आठवणींच्या पुस्तकांपुरते उरले. त्रिं. ना. आत्रे यांचे ‘गावगाडा’ (१९१५) आज वाचताना त्यातील कितीतरी शब्दांपाशी थांबावे लागते, ते याच कारणाने. कोश शब्दाला आसरा देतो. रोजगार मात्र त्याला माणसांनीच द्यावा लागतो.

हा विचार अलीकडे मला अधिक अस्वस्थ करतो, कारण घरात दहा वर्षांची मुलगी आहे आणि तिची भाषा माझ्या डोळ्यांसमोर घडते आहे. पालकाला वाटते की आपण मुलांना शब्द देतो. प्रत्यक्षात मुले ते आपल्या सोयीने उचलतात. मी एकदा तिला ‘आता फोन ठेव’ म्हणालो, तर तिने विचारले, ‘कुठे ठेवू?’ तिने घोड्यावर ठेवण्याचा रिसीव्हर कधी पाहिलेला नाही. ‘ठेवणे’ हे क्रियापद त्या यंत्राबरोबर गेले नाही, मागे राहिले. ‘गजर’ शब्दाचेही तसेच. पहाटे पाच वाजता मोबाईलमध्ये वाजतो तो गजर, आणि ज्येष्ठात आळंदीहून पालखी निघते तेव्हा होतो तोही गजर. तिला या दोहोंत काही विसंगती वाटत नाही. तिच्या लेखी दोन्ही माणसाला उठवून चालायला लावतात.

आमच्या वस्तीतल्या पुष्कळ घरांत आई एका कारखान्यात आणि वडील दुसऱ्या कारखान्यात काम करतात. एकाची पाळी सुटते तेव्हा दुसऱ्याची भरत असते. मूल दारातच एका हातातून दुसऱ्या हातात जाते. नवराबायकोत बोलणे होते ते मुलाचा ताप, दुधाची पिशवी आणि डब्याची जागा एवढ्यापुरते. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याच्या कामावर ४८ तासांची मर्यादा घातली, पाळणाघराचीही तरतूद केली. त्यामागे मोठा संघर्ष होता. परंतु घरातल्या पाळीला कोणत्याही कायद्याने मर्यादा घातलेली नाही. रात्रपाळी करून आलेली आई सकाळी मुलाचा अभ्यास घेते, तेव्हा ती कितवी पाळी असते?

याच शब्दाला आणखी एक अर्थ आहे, आणि तो पूर्वी घरात हलक्या आवाजात उच्चारला जाई. मुलीला तो कधी आणि कोणी सांगायचा, यावर आमच्यात विचारविनिमय चालू होता. तिच्या आईने एका दुपारी भाजी निवडता निवडता तो सांगून टाकला. संध्याकाळी मुलीने मला विचारले, ‘आजोबांच्या पाण्याच्या पाळीतली पाळी तीच का?’ मी म्हणालो, ‘शब्द तोच. ठरल्या क्रमाने फिरून येते, म्हणून पाळी.’ तिला ते पटले असावे. माझ्या आईच्या पिढीला या शब्दाभोवती जो संकोच सोसावा लागला, तो त्या उत्तरात कुठे नव्हता. शेतावरच्या अर्थाचा हात धरून तो अर्थ घरात मोकळेपणाने आला.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे पाहुणे जमले होते. दिवसभर वीज नव्हती, ती रात्री उशिरा आली, आणि चार मोबाईलना मिळून एकच चार्जर चालू होता. भांडणे सुरू होण्याआधी मुलीने वहीचे पान फाडले, प्रत्येकाचे नाव आणि वेळ लिहिली आणि कागद भिंतीला चिकटवला. वर मथळा होता : ‘चार्जिंगच्या पाळ्या’. वडिलांचे नाव शेवटी होते. त्यांच्या वाट्याला पहाटेचे तीन आले. ते कागदापाशी गेले, चष्मा सारखा करून त्यांनी तो नीट वाचला आणि काही न बोलता आपल्या साध्या फोनवर पावणेतीनचा गजर लावला.