उभ्या गाडीची टिपणं

रत्नागिरीत मोटारसायकल पळून जेवढी झिजते, त्याहून जास्त उभी राहून खराब होते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. उरलेले दिवस मिऱ्या, मांडवी, भाट्याकडून येणारा खारा वारा. पडवीतल्या गाडीला पाऊस लागत नाही, पण ओल लागतेच. प्लॅस्टिकची ताडपत्री जमिनीपर्यंत घट्ट बांधली की वाफ आत कोंडते आणि गंज जास्तच चढतो. त्यापेक्षा जुनी सुती चादर आणि खेळती हवा बरी.

*

गणपतीला चाकरमानी आले की वाडीवाडीत किका ऐकू येतात. घाम येईस्तोवर किक मारायची, मग उतारावरून ढकलायची. माझं सांगणं एकच: पहिली किक सगळ्यात शेवटी. उभ्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑईल कधीच खाली उतरलेलं असतं आणि पिस्टनच्या रिंगा कोरड्या पडलेल्या असतात. प्लग काढावा, भोकातून चमचाभर इंजिन ऑईल सोडावं आणि रात्रभर मुरू द्यावं. सकाळी वरचा गियर टाकून मागचं चाक हाताने हळू फिरवावं. सहज फिरलं तर अर्धी काळजी मिटली. अडलं तर पुन्हा ऑईल सोडून थांबावं, जोर करू नये.

*

गाडीत कोण राहायला आलंय ते टॉर्च लावून बघावं. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीचं मातीचं घर असतं. एअर फिल्टरचा डबा उघडला की काथ्या, चिंध्या, भाताची फोलपटं बाहेर येतात; तो उंदराचा संसार. त्याच उंदराने हेडलाइटमागच्या वायरी कुरतडलेल्या असतात. तार कुठे उघडी पडलेली नाही ना, हे बघितल्याशिवाय बॅटरी जोडू नये, नाहीतर फ्यूज जातो, क्वचित सगळी वायरिंगही.

*

टाकीतलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून तासभर उभं ठेवावं. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. २०२२ साली देशाने सरासरी १० टक्क्यांचा टप्पा गाठला, २०२५ मध्ये २० टक्क्यांचा. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. ओल फार झाली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात. कॉक रिझर्व्हवर असला की इंजिनाला नेमकं हेच तळाचं पाणी मिळतं. कोकणातल्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी म्हणजे गंजाला आमंत्रण, कारण उघडा पत्रा आतूनच घामेजतो.

गंज थोडा असेल तर टाकी गाडीवरून उतरवून, मूठभर नट आणि लिंबूसत्वाचं पाणी घालून हलवावी. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन उन्हात खडखडीत वाळवावी. हे काम उघड्यावर करावं. आसपास चूल, विडी, दिवा काही नको.

*

कार्बुरेटरचा तळाचा वाटीसारखा भाग उघडला की पिवळसर चिकट थर दिसतो. पेट्रोल उडून गेल्यावर मागे राहते ती ही राळ. सगळा दोष बहुधा एकाच जागी असतो: छोट्या जेटच्या केसाएवढ्या भोकात. गाडी मंद चालताना पेट्रोल इथूनच येतं. पुष्कळजण सुई घालून ते साफ करतात. पितळ मऊ असतं, सुईने भोक मोठं होतं आणि मग गाडी कायम पेट्रोल खाते. गळाच्या नायलॉन दोरीचा तुकडा यासाठी उत्तम. तो मिरकरवाडा बंदरात कुठेही मिळतो आणि पितळेला ओरखडा काढत नाही. नंतर हवेचा झोत मारून जेट उजेडाकडे धरावा. पलीकडे गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे.

*

चोक ओढला की नीट चालते, सोडला की मरते, अशी गाडी असेल तर छोटा जेट अजून बुजलेलाच आहे. आयडलचा स्क्रू पिळून तो आवाज झाकता येतो, पण दोष तिथेच राहतो.

*

बॅटरी बारा व्होल्टची असेल तर विश्रांतीत मीटरवर १२.६ च्या आसपास हवी. १२ च्या खाली बरेच महिने पडून असलेली बॅटरी चार्ज होते, पण टिकत नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे प्रदूषण नियम आले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्बुरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. अशा गाडीत पेट्रोलचा पंप विजेवर चालतो. बॅटरी बसलेली असली की पंपाला दाब येत नाही, मग किक कितीही मारा. त्या गाडीला आधी बॅटरी, बाकी सगळं मागून.

*

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा घराघरांतल्या दुचाकी बुडाल्या. पुरातल्या गाडीचा नियम आणखी कडक. पाणी ओसरल्यावर चावीच फिरवायची नाही. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही. वाकतो तो कनेक्टिंग रॉड. आधी प्लग काढून पाणी बाहेर, मग ऑईल. ऑईल दुधाळ दिसलं तर ते बदलायचं, इंजिन थोडं चालवायचं आणि पुन्हा बदलायचं. नुसत्या ओलीत उभ्या राहिलेल्या गाडीचं ऑईलही मला एकदा बदललेलंच बरं वाटतं.

*

इंजिन लागलं म्हणजे गाडी रस्त्यावर न्यायची झाली, असं नाही. आपल्याकडचा रस्ता म्हणजे चढ, उतार आणि वळण. ब्रेकच्या ड्रममध्ये गंज, साखळीचे दुवे आखडलेले, क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या: हे उतारावर कळून उपयोग नाही. साखळीला नव्वद नंबरचं ऑईल, केबलींना पातळ ऑईल, ड्रम उघडून पॉलिश पेपर. टायरवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी बाजूला चिरा असतील तर तो टायर बदलावाच.

*

पहिली फेरी सपाट रस्त्यावर, दहा-बारा किलोमीटरची. परत येऊन गाडी थंड झाली की प्लग काढून बघावा. फिकट तपकिरी टोक म्हणजे मिश्रण ठीक. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा फिल्टर तुंबलेला. पांढरट टोक म्हणजे पेट्रोल कमी, पुन्हा जेटकडे बघा.

*

कागद पहिल्या फेरीआधीच बघावेत: विमा, पीयूसी, आणि पंधरा वर्षं झाली असतील तर आरसीचं नूतनीकरण. किमान थर्ड पार्टी विमा कायद्याने लागतोच. रस्त्यावर धडक झाली तर तो समोरच्याचा आधार असतो, म्हणून तो चुकवू नये.

*

गणपतीनंतर परत जाताना टाकी काठोकाठ भरावी, कॉक बंद करून इंजिन आपोआप विझेपर्यंत चालू द्यावं म्हणजे कार्बुरेटर कोरडा होतो. बॅटरीची एक वायर सोडवावी, गाडी डबल स्टँडवर उभी करावी. त्याहून चांगला उपाय गावातच असतो. आठवड्याला एकदा अंगणात पाच मिनिटं इंजिन सुरू ठेवून भागत नाही. इंजिन पुरतं तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणीच साचतं. त्यापेक्षा किल्ली लायसन्स असलेल्या विश्वासाच्या शेजाऱ्याकडे द्यावी, पेट्रोलला पैसे द्यावेत आणि बाजारहाटाला हीच गाडी ने म्हणून सांगावं. त्याची सोय होते आणि पुढच्या गणपतीला यातलं बरंचसं काम करावं लागत नाही.