नावाचे रकाने

शिक्षकाची नवी नोकरी म्हणजे नवा वर्ग आणि नवी मुलं, एवढंच मला माहीत होतं. सतरा वर्षं नगर शहरातल्या एका शाळेत उर्दू आणि मराठी शिकवलं. तिथे संगणकाचं सगळं काम लिपिक बघायचे; माझा संबंध इनपेजमध्ये उर्दू प्रश्नपत्रिका टाइप करण्यापुरता. दोन वर्षांपूर्वी राहुरी तालुक्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत रुजू झाले, तेव्हा तिथली लिपिकाची जागा रिकामी होती. मुख्याध्यापक सर म्हणाले, "मॅडम, तुम्हाला उर्दूही येते, मराठीही येते. ऑनलाइनचं तुम्हीच बघा." दोन भाषा येण्याचा आणि ऑनलाइन कामाचा काय संबंध, हे तेव्हा कळेना. पुढे कळलं, की संबंध फार जवळचा आहे.

ज्यांच्या घरात कुणी शिक्षक नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. राज्य सरकारने २०१५ मध्ये 'सरल' प्रणाली आणली, तिच्यात प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती असते. केंद्राची 'यू-डायस प्लस' वेगळी, आमच्या पगाराची 'शालार्थ' वेगळी, आणि पोषण आहार किती मुलांनी घेतला हे भरायचं ते वेगळंच. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो. आपल्या जिल्ह्यातल्या शाळांचा २७२६ ने सुरू होतो. मुलालाही अकरा अंकी कायम क्रमांक मिळतो आणि आता त्यावर बारा अंकी 'अपार' आयडी. पहिल्या आठवड्यात माझ्या डायरीची चार पानं पासवर्डनीच भरली. कुठलं बटण कधी दाबायचं हे घरी माझ्या मुलीने शिकवलं. दुपारी सर्व्हर चालत नाही, पहाटे पटापट काम होतं, हे शेजारच्या मराठी शाळेतल्या गुरुजींनी सांगितलं. तेव्हापासून फजरनंतरचा एक तास मी सरकारला दिला आहे! महिन्याभरात हात बसला. स्क्रीनवर दाखला, हजेरी, तारीख, तालुका, जिल्हा असे आपल्या आजी-आजोबांच्या तोंडचे अरबी मुळाचे शब्द दिसत होते, त्यामुळे परकंही वाटलं नाही.

खरी अडचण आली ती मुलांच्या नावांची.

प्रणालीत रकाने असतात: पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि आईचं नाव वेगळं. आता समजा, मुलाचं नाव शेख मोहम्मद अयान. घरी त्याला अयान म्हणतात. मोहम्मद बरकतीसाठी लावलेलं. मग पहिल्या रकान्यात काय लिहायचं? कुणाच्या घरी पठाण आडनाव पुढे आणि खान शेवटी. कुणाच्या वडिलांचं नाव अब्दुल रहमान, तर आधी कुणीतरी अब्दुल एका रकान्यात आणि रहमान दुसऱ्यात टाकलेला. मुलींच्या नावामागे एका कागदावर 'बी', दुसऱ्यावर 'बेगम', तिसऱ्यावर काहीच नाही.

त्यात लिपीची भर. उर्दूत मुहम्मद म्हणजे मीम, हे, मीम, दाल, फक्त चार हर्फ. जेर-जबर कुणी लिहीत नाही, वाचणारा बरोबर वाचतो. मराठीत मात्र त्याचं मोहम्मद, मुहम्मद, महंमद, महम्मद असं काहीही होतं, आणि इंग्रजीत तर कुणी नुसतं 'एमडी' लिहून मोकळा होतो. आधार केंद्रावरच्या मुलाने कानाला ऐकू आलं ते टाइप केलेलं असतं. माणसाला हे सगळं एकच नाव वाटतं. संगणकाला ती चार वेगळी माणसं वाटतात.

यात किती काय अडकलेलं आहे, हे पालकांना माहीत नसतं. यू-डायसमधलं नाव आधारशी जुळलं नाही, तर अपार आयडी तयार होत नाही. शाळेत किती शिक्षक मंजूर हे संचमान्यतेत ठरतं, आणि तिथे आधार वैध झालेल्या मुलांचा आकडा बघितला जातो. उर्दू शाळांचा पट आधीच लहान. पाच-सहा मुलांच्या स्पेलिंगवरून एका शिक्षकाची जागा जाऊ शकते.

आठवीत एक मुलगी होती. खरं नाव देत नाही, जैनब समजा. शाळेच्या रजिस्टरवर जैनब, आधारवर जैनाब, बँकेच्या पासबुकावर झैनब बी. तिचे वालिद आठवडी बाजारात केळी विकतात. मला म्हणाले, "नाम तो एकीच है ना मॅडम, लिखने में क्या फरक पडता?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी कागदावर उर्दूत तिचं नाव लिहिलं: जे, ये, नून, बे. त्यांनी ते लगेच वाचलं. मग त्याखाली तिन्ही कागदांवरची नावं लिहिली आणि म्हटलं, "भाई, शिष्यवृत्ती यांतल्या कुठल्या मुलीच्या खात्यात जाईल?" ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. दुरुस्तीसाठी त्यांना तीन फेऱ्या पडल्या, म्हणजे तीन बाजार बुडाले.

एका प्रशिक्षणात कुणीतरी म्हणालं, की तुमच्याकडचे पालकच बेफिकीर. मला ते पटलं नाही. रकाने ज्याने आखले, त्याच्या डोळ्यांसमोर एकाच पद्धतीचं नाव होतं. पण रकाने उद्या बदलणार नाहीत, हेही खरं. आपल्याकडे सातव्या दिवशी अकीका होतो, नाव ठरतं, गोडधोड वाटलं जातं. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, म्हणजे तोवर नाव हातात असतं. तरी दाखल्यावर नावाची जागा कोरी राहते. वर्षभरात ते नाव फी न भरता घालता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत फी भरून. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्मदाखलाच लागणार आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आईचं नाव येतं, म्हणून अम्मीचेही सगळे कागद एकसारखे हवेत. आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं; केंद्रावर जाताना नाव तिन्ही लिप्यांत लिहिलेली चिठ्ठी सोबत न्यावी आणि पावती तिथेच वाचून घ्यावी. आणि हे सगळं दहावीचा फॉर्म बोर्डाकडे जाण्याआधी उरकावं.

आता शाळेत माझ्या टेबलावर अशा चिठ्ठ्यांचा गठ्ठा असतो. प्रवेशाच्या दिवसांत बाया लहान बाळांसाठीही नाव लिहून नेतात. एकीने तर अजून न जन्मलेल्या नातवासाठी दोन चिठ्ठ्या नेल्या, एक मुलाची, एक मुलीची.

यंदा पाचवीत आलेल्या एका मुलाचं काम तेवढं राहिलं आहे. त्याचे वालिद ट्रकवर असतात, पंधरा-पंधरा दिवस घरी नसतात. जन्मदाखला दादीने शोधून आणला; प्लास्टिकच्या पिशवीत, चार घड्या घातलेला. नावाची जागा कोरी. ग्रामपंचायतीसाठीचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. सही करायला शुक्रवारी येतो, असा त्यांचा फोन आला होता.